फोन वाळला म्हणजे साफ झाला का?

फोन पाण्यात पडला, तांदळाच्या डब्यात ठेवला, दोन दिवसांनी बटण दाबलं आणि तो चालू झाला. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग महिना-दीड महिन्यात चार्जिंग घेईनासा होतो, नाहीतर आपला आवाज समोरच्याला जाईनासा होतो. तेव्हा पाण्याची आठवण कुणालाच राहत नाही आणि 'हे मॉडेलच खराब' असा निकाल लागतो. मॉडेलचा दोष नसतो. तो फोन वाळला होता, साफ झाला नव्हता. वाळवणं आणि साफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं की दुसरं आपोआप झालं, हा गैरसमज मला अगदी असह्य होतो, कारण वाचण्यासारखे फोन त्यापायी कचऱ्यात जातात.

वाळवणं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते थोडक्यात. फोन लगेच बंद करा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं तोंड खाली करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तांदूळ नको. उघड्यावरच्या हवेपेक्षा तांदळाने काही विशेष होत नाही, उलट त्याची पूड आणि कण्या पोर्टमध्ये शिरतात. अॅपलनेही 2024 च्या जानेवारीत आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं. गच्चीवरचं ऊनही नको. आयफोन नुसता ठेवायचा असला तरी 45 अंशांच्या वर ठेवू नये असं कंपनी सांगते, आणि मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा तिथवर जातो. तापल्या फरशीवर, कुरडया-पापडांच्या शेजारी ठेवलेल्या काळ्या फोनची बॅटरी किती तापत असेल! हेअर ड्रायर तर मुळीच नको, त्याच्या झोताने पाणी बाहेर येण्याऐवजी चिपांच्या खाली ढकललं जातं. वाळवण्याबद्दल इतकं पुरे.

खरा घोळ पुढे आहे. पाणी उडून जातं, पण पाण्यात जे विरघळलेलं असतं ते उडत नाही. हे नागपूरकराला पुस्तकातून शिकायची गरज नाही, घरचा कूलर बघितला तरी पुरे. मार्चमध्ये नवीन गवताच्या ताट्या लावतो, पंप सुरू करतो आणि रोज टाकी भरतो. पाणी हवेत जातं, क्षार टाकीतच राहतात. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी पाणी, आणखी क्षार. मे महिन्यापर्यंत ताट्यांवर आणि जाळीवर पांढरी खरपुडी चढते आणि टाकीतलं पाणी नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट खारं झालेलं असतं. आपण खिडकीत कूलरच्या तोंडाशीच फोन चार्जिंगला लावतो. रात्री त्यावर शिंतोडे उडतात किंवा पाइप निसटून धार लागते, ती या पाण्याची. 'साधंच पाणी होतं' असं म्हणत लोक फोन घेऊन येतात तेव्हा मला राहवत नाही. घरातलं फोनसाठी सगळ्यात वाईट पाणी कुठलं असेल तर कूलरचं.

ते पाणी फोनमध्ये वाळलं की जाळीवरची तीच खरपुडी आतल्या सर्किट बोर्डावर बसते. तिथे दोन जोडांमधलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ही खरपुडी निपचित पडून राहते, वीज फारशी वाहून नेत नाही, म्हणून फोन बिनबोभाट चालतो. जून संपता संपता हवा दमट होते. क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर येतो. आता एका जोडाकडून दुसऱ्याकडे वीज झिरपू लागते. धन बाजूचा धातू विरघळतो आणि ऋण बाजूकडे जाऊन तंतूसारखा वाढत जातो. तो तंतू पलीकडे टेकला की शॉर्ट. मे महिन्यात भिजून 'वाचलेला' फोन जुलैत मरतो तो असा.

एकदा भिंगाखाली असा बोर्ड बघाच. कूलरच्या पाण्याने भिजून, वाळून, महिनाभर चाललेला एक फोन उघडला होता. बाहेरून तो नव्यासारखा होता. आत चार्जिंगच्या कनेक्टरच्या पायांशी हिरवट, मोरचुदासारखी बुरशी धरली होती, म्हणजे तांबं गंजलं होतं. चिपांवरच्या धातूच्या कव्हरच्या कडेने पांढरी रेघ होती, पाणी जिथवर आलं आणि जिथे आटलं ती. कव्हर काढल्यावर आतल्या एका इवल्याशा कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) एक टोक उरलंच नव्हतं, नुसता काळा डाग होता. असा फोन दहा दिवस तांदळात ठेवला असता तरी त्यातला एक कणही निघाला नसता.

आता बंद फोनबद्दल. बंद केला म्हणजे आतली वीज गेली असं नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डावरच्या काही वाटांवर तिच्या विजेचा दाब (व्होल्टेज) कायम असतो. म्हणजे बॅटरीसकट ओला फोन तीन दिवस डब्यात ठेवला तर गंजण्याचं काम तीन दिवस बिनखंड चालू राहतं, आणि तेही सगळ्यात जोरात, कारण तेव्हा पाणी आणि वीज दोन्ही हजर असतात. म्हणून माझं मत ठाम आहे: पहिलं काम वाळवण्याचं नाही, बॅटरी सोडवण्याचं. जुन्या फोनचं मागचं झाकण नखाने निघायचं आणि हे काम क्षणात व्हायचं. आताच्या फोनची पाठ डिंकाने चिकटवलेली असते, ती गरम करून सोडवावी लागते. हात बसलेला नसेल तर घरी झटापट करू नका, त्याच दिवशी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुरुस्तीवाल्याकडे न्या. 'आधी वाळू दे, मग बघू' यातच फोन जातो. लॅपटॉपचं मात्र बरंच सोपं असतं. चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, खालचे स्क्रू काढा आणि बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

धुणं म्हणजे काय ते आता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानदार ज्याला आयपीए म्हणतात ते, 99 टक्क्यांचं घ्या. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, फटींमधलं पाणी सोबत घेऊन निघतं आणि स्वतः झटकन उडून जातं. पण इथेही लोक अर्ध्यावर थांबतात. शुद्ध आयपीएमध्ये साखर आणि मीठ जवळजवळ विरघळत नाहीत. लॅपटॉपवर दूध-साखरेचा चहा सांडला आणि थेट आयपीए ओतलं, तर पाणी निघून जातं आणि साखर तिथेच चिकटून बसते. म्हणजे परत वाळवणंच झालं, फक्त महागातलं. साखर, मीठ, क्षार यांना पाणीच लागतं, पण ज्यात स्वतःचं काही विरघळलेलं नाही असं, म्हणजे डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला विकतात तेच. आरओचं पाणी त्याच्या जागी चालत नाही, त्यात क्षार उरतातच. आणि बॅटरीच्या दुकानात मागताना पाणी मागताय, अॅसिड नाही, हे बाटलीवर वाचून घ्या.

म्हणून क्रम असा. बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा, स्पीकर, माइक सगळं सोडवून नुसता बोर्ड हातात घ्यायचा. आधी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ टूथब्रश, कनेक्टरच्या पायांमधून आणि कव्हरच्या कडांनी हलक्या हाताने. कव्हर नुसतं दाबून बसवलेलं असेल तर काढून त्याखालीही. डाग दिसेनासे झाले की आयपीएने दोनदा धुवायचं. त्यानंतर बोर्ड पंख्याखाली ठेवायचा आणि काही तास जाऊ द्यायचे. वाळवण्याची खरी जागा ही, धुतल्यानंतरची. स्क्रीन आणि कॅमेरा आयपीएत बुडवू नका, स्क्रीनच्या थरांमध्ये ते शिरलं की डाग कायमचा. कव्हर झाळून बसवलेलं असेल तर ते हॉट एअरवाल्याचं, म्हणजे गरम हवेच्या झोताने झाळ सोडवणाऱ्याचं काम, उपसून काढाल तर खालच्या पट्ट्या उखडतील.

आयपीएची वाफ पेटायला 12 अंश तापमानही पुरतं आणि नागपुरात तेवढा गारवा हिवाळ्याच्या पहाटेलाच सापडतो. म्हणजे जवळजवळ वर्षभर ही वाफ पेटायला तयार असते. देवापुढे दिवा किंवा उदबत्ती असलेल्या खोलीत, गॅसजवळ, हे काम करू नका. खिडक्या उघडा.

आयपीएऐवजी जे वापरलं जातं त्याचा मला फार राग येतो. सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं आणि जेल असेल तर घट्ट करणारा पदार्थही, तो चिकट थर बोर्डावर राहतो. औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं आयपीए म्हणजे उरलेलं बहुतेक पाणीच. थिनर प्लास्टिकचे कनेक्टर खातं. गंज सोडवायला फवारतात ते साधं डब्ल्यूडी-40 मागे तेलकट पापुद्रा सोडतं.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे घरातलं सामान बाहेर काढून उन्हात मांडावं लागलं. त्या परिस्थितीत दुसरं कुणाला काय सुचणार? पण नाल्याचं गाळ मिसळलेलं पाणी वाळू देणं हे साफ पाण्यापेक्षा कितीतरी वाईट. गाळ ओला असतानाच निघतो. रिमोट, की-बोर्ड, राउटर अशा वस्तूंचे सेल किंवा अडॅप्टर काढून आधी नळाच्या पाण्याने खळखळून धुवा, मग डिस्टिल्डने, मग आयपीएने. भिजलेली वस्तू आणखी भिजवायला हात धजावत नाही, हे मला कळतं. पण वीज नसलेल्या बोर्डाचं पाणी लगेच काही बिघडवत नाही, वाळलेला गाळ बिघडवतो.

थेट विजेवर चालणाऱ्या वस्तू यात धरू नका. टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर जाणत्याकडे द्या. मायक्रोवेव्ह तर उघडूही नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब राहू शकतो. भिजलेला चार्जर सरळ टाकून द्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि ती पुन्हा जोडू नका. आयपी68 बद्दलही, म्हणजे फोन धूळ-पाणी सोसतो असं सांगणाऱ्या दर्जाबद्दल, लोक विचारतात. ती चाचणी प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. दोन वर्षं वापरलेल्या, एकदा उघडलेल्या फोनला ती लागू धरू नये.

दुकानात फोन टाकताना 'चालू करून द्या भाऊ' एवढंच म्हटलं तर ब्लोअर मारून चालू करून मिळेल. त्याऐवजी विचारा: बोर्ड बाहेर काढणार का? कव्हरखाली बघणार का? कशाने धुणार? धुतल्यानंतरचा बोर्ड मला भिंगाखाली दाखवाल का? नीट काम करणारा माणूस या प्रश्नांवर चिडत नाही, उलट दाखवतो. उत्तर टाळलं तर दुसरं दुकान गाठा.

आणि फोन आधीच भिजून, नुसता वाळून चालू झालेला असेल, तर आजच फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या. त्यानंतर, भिजून महिना लोटला असला तरी, उघडून धुवून घ्या. खाल्लेलं तांबं परत येणार नाही, पण खरपुडी निघाली की पुढचं खाणं थांबतं.