पाण्यात १२ व्होल्ट, पाण्याबाहेर २३०

एप्रिल-मे महिन्यांत नेरुळ-वाशीच्या घरांत पंखा दिवसरात्र फिरत असतो आणि उघड्या फिशटँकमधलं पाणी रोज थोडं थोडं उडत असतं. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकची पातळी एक सेंटिमीटरने उतरली, म्हणजे चार लिटर पाणी हवेत गेलं. जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. समुद्री मासे पाळणाऱ्यांना याचा त्रास जास्त. २०० लिटरच्या टँकमधून चार लिटर उडाले, की लिटरमागे ३५ ग्रॅम असलेलं मीठ ३५.७ ग्रॅमवर जातं, आणि भर घातली नाही तर चढतच राहतं. म्हणून रोज मगाने पाणी घाला, आणि गणपतीला गावी जायचं तर घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, असं चालतं.

हे काम एक फ्लोट स्विच, एक रिले आणि पाण्याच्या बादलीत बुडवलेला छोटा पंप मिळून करू शकतात. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली की खालचा पंप आपोआप बंद होतो, तत्त्व तेच. सामान लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं आणि जोडणीही अवघड नाही. डोकं लावायचं ते एकाच प्रश्नावर: यातलं काही बिघडलं, तर पंप बंद राहील की चालूच राहील?

आधी फ्लोट स्विच. प्लॅस्टिकच्या बारीक दांडीवर वरखाली सरकणारा एक पोकळ गोळा आणि त्याच्या आत कड्याच्या आकाराचं चुंबक. दांडीच्या पोटात काचेची सीलबंद नळी असते. तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं जवळजवळ चिकटलेली, पण मध्ये केसाएवढी फट. चुंबक जवळ आलं की पट्ट्या एकमेकींना खेचतात आणि सर्किट जुळतं. लांब गेलं की त्या आपल्या ताणाने सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. १९३६ साली बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवुड यांनी तो शोधला. पट्ट्या काचेत बंद असल्याने गंज लागत नाही. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा गुण फार मोलाचा आहे.

मग पंपाची वायर सरळ या स्विचमधूनच का नेऊ नये? १८ वॉटचा पंप २३० व्होल्टवर जेमतेम ०.०८ अँपिअर घेतो. पण असे छोटे रीड स्विच साधारण १० वॉटपर्यंतच्या भारासाठी बनलेले असतात. शिवाय पंपात तारेची गुंडाळी असते. तिचा प्रवाह तोडताना व्होल्टेज उसळतं, ठिणगी पडते आणि कधीतरी त्या नाजूक पट्ट्या एकमेकींना डकवल्या जातात. स्विच मग सुटतच नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं, तरी जिथे आपण हात घालतो त्या पाण्यात २३० व्होल्टची आणखी एक वायर कशाला?

इथे रिले येतो. आत एक विद्युतचुंबक आणि त्याने ओढली जाणारी एक पट्टी, एवढंच. १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्री यांनी ही युक्ती वापरली आणि पुढे तारायंत्राने ती जगभर नेली. १२ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल, म्हणजे विद्युतचुंबकाची गुंडाळी, सुमारे ३० मिलिअँपिअर घेते, आणि तिच्या जोरावर मिटणारे संपर्क २३० व्होल्टचा पंप चालवतात. दोन्ही सर्किटांमध्ये तारेचा संबंध नाही, दुवा फक्त चुंबकीय क्षेत्राचा. फ्लोटपर्यंत जातात ते अडॅप्टरमधले १२ व्होल्ट. कॉइलला उलट्या दिशेने एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) समांतर जोडा, म्हणजे कॉइल बंद होतानाची उसळी तिथेच जिरते आणि रीड वाचतो.

आता तो प्रश्न. रिलेवर कॉम, एनओ आणि एनसी अशी तीन टोकं असतात. कॉम सामाईक; कॉइल बंद असताना एनसी त्याला जुळलेलं आणि एनओ सुटलेलं असतं, कॉइल चालू झाली की उलट. पंप एनसीवर घेतला आणि टँक भरल्यावर फ्लोट जुळेल अशी रचना केली, तरी सगळं नीट चालतं. पण फ्लोटची वायर तुटली किंवा अडॅप्टर गेला, की पंप थांबायचं नाव घेणार नाही. उलट, पाणी उतरल्यावर फ्लोट जुळेल आणि पंप एनओवर असेल, तर तीच वायर तुटल्यावर पंप गप्प बसतो. दुसरीच जोडणी करा. अनेक फ्लोटमध्ये गोळा काढून उलटा घातला की स्विचची चाल उलटते, त्यामुळे त्यासाठी वेगळी खरेदी लागत नाही.

तरीही गोगलगाय फ्लोटवर बसेल, शेवाळ धरेल, मिठाचा थर चढून गोळा खालीच अडकेल. त्यासाठी थोडा वर दुसरा फ्लोट लावायचा, पहिल्याशी एकसरीत. पाणी तिथवर चढलं की तो कॉइलचा प्रवाह तोडतो. पण रिलेचेच संपर्क डकवले गेले तर हाही हतबल. तिथे शेवटचा पहारा बादलीचा. २० लिटर पाणी या टँकमध्ये पातळी जवळजवळ पाच सेंटिमीटर चढवतं. काठाखाली सहा सेंटिमीटर मोकळे ठेवले, तर पूर्ण बादली रिकामी झाली तरी लादी कोरडी राहते. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तेव्हा फार काही बिघडत नाही. खाऱ्या टँकचा खारेपणा मात्र दणकन उतरेल, तिथे बादली लहानच ठेवा. बादली रिकामी झाल्यावर पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून एक फ्लोट तिच्यातही हवा.

एक त्रास हमखास होतो. फिल्टरच्या लाटांनी फ्लोट हलतो आणि रिले टकटक करत राहतो. साध्या रिलेचं आयुष्य पूर्ण भारावर सुमारे एक लाख वेळा चालू-बंद होण्याचं असतं. सेकंदाला एक टकटक धरली तर दिवसाला ८६,४०० होतात! फ्लोटभोवती बारीक भोकांचा पीव्हीसी पाईप बसवला की लाटा आत पोचत नाहीत. याहून पक्कं हवं असेल तर खालच्या पातळीला पंप सुरू आणि वरच्या पातळीला बंद, अशी दोन फ्लोटांची रचना करावी. त्यासाठी दोन जोड संपर्कांचा रिले घ्यायचा: एका जोडीवर पंप, दुसरी खालच्या फ्लोटला समांतर. एकदा ओढला गेलेला रिले मग स्वतःलाच धरून ठेवतो आणि वरचा फ्लोट उचलला गेल्यावरच सुटतो.

२३० व्होल्टच्या बाजूचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. रिले बंद डब्यात, टँकपेक्षा उंच आणि बाजूला. पंपाच्या वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. सिडकोच्या जुन्या घरात राहत असाल तर मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे फ्लोट विकत घेण्याआधी पाहा. नसेल तर पहिला खर्च त्याचा. सगळं जोडून झाल्यावर पंप चालू असताना फ्लोटची वायर मुद्दाम काढा. पंप थांबला नाही, तर जोडणी उलटी झाली आहे.