चंद्रगुप्ताची दीक्षा: वाद एका विभक्तीचा

चंद्रगुप्त मौर्याने राज्य मुलाच्या हवाली केले, जैन आचार्य भद्रबाहूंच्या मागोमाग श्रवणबेळगोळ गाठले आणि तिथल्या धाकट्या टेकडीवर, चंद्रगिरीवर, अन्नपाणी सोडून देह ठेवला. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत ही कथा नवी नाही. ग्रीक वृत्तांतांत मात्र तिचा मागमूस नाही, आणि पुराणे चंद्रगुप्ताची २४ वर्षे मोजून पुढच्या राजाकडे वळतात. सगळी भिस्त जैन परंपरेवर आणि टेकडीवरच्या दगडांवर.

त्या दगडांतला सर्वांत जुना लेख इ.स. ६०० च्या आसपासचा, संस्कृत भाषेतला. उज्जयिनीत भद्रबाहूंनी बारा वर्षांच्या संकटाचे भाकीत केले आणि सगळा संघ दक्षिणेकडे निघाला, एवढे त्यात स्पष्ट आहे. चंद्रगुप्ताचे नाव नाही. नाव आहे ते प्रभाचंद्राचे, आणि घोडे इथेच अडते. एका वाचनात ते प्रथमेत आहे: प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांनी संघाला निरोप दिला आणि एका शिष्यासह समाधी घेतली. दुसऱ्या वाचनात ते तृतीयेत आहे: आचार्यांनी प्रभाचंद्रासह समाधी घेतली. तृतीया मानली की आचार्य ठरतात भद्रबाहू, आणि तो एकटा शिष्य म्हणजे दीक्षेनंतर नाव बदललेला सम्राट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन इंग्रज अभ्यासक यावरून चांगलेच भिडले. प्रथमेच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. लेखात आधी श्रुतकेवली, म्हणजे सगळे शास्त्र जाणणारे आणि चंद्रगुप्ताचे समकालीन मानलेले, भद्रबाहू येतात, मग बऱ्याच आचार्यांची नावे, आणि त्यानंतर उज्जयिनीचे भद्रबाहू. म्हणजे हे दुसरे कोणी, पुष्कळ नंतरचे. तृतीया मला तरी ओढूनताणून लावल्यासारखी वाटते.

पण म्हणून कथा निकालात निघत नाही. साधारण ५० वर्षांनंतरचा, त्याच टेकडीवरचा लेख भद्रबाहू आणि चंद्रगुप्त या मुनींच्या जोडीचा उल्लेख करतो. ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत जैन ग्रंथ सांगतो की मुकुटधारी राजांपैकी जिनदीक्षा घेणारा शेवटचा चंद्रगुप्तच. पुढे हरिषेणाच्या ‘बृहत्कथाकोशा’त, या जैन कथासंग्रहात (९३१), तपशील भलतेच होतात: चंद्रगुप्त विशाखाचार्य होऊन संघाला दक्षिणेत नेतो, भद्रबाहू मात्र उज्जयिनीच्या बाजूलाच राहतात. श्वेतांबर परंपरा तर त्यांना नेपाळात पाठवते. श्वेतांबर आचार्य हेमचंद्रांच्या हिशेबाने चंद्रगुप्त महावीरनिर्वाणानंतर १५५ व्या वर्षी गादीवर आला आणि १७० व्या वर्षी भद्रबाहू गेले. पुराणांतली २४ वर्षे यात घातली, तर राजाने गादी सोडण्याआधीच गुरू निघून गेलेले असतात.

टेकडीवरच्या चंद्रगुप्त बसदीतल्या (बसदी म्हणजे जैन मंदिर) जाळीदार दगडी पडद्यांवर गुरुशिष्यांचे प्रसंग कोरलेले आहेत. मार्गदर्शक यात्रेकरूंना हमखास तिथे नेतात. ते बाराव्या शतकातले काम. तोवर राजाने गादी सोडून गुरूंच्या पायाशी जाणे दक्षिणेत प्रत्यक्ष घडून गेले होते. ९७४ च्या सुमारास गंग राजा मारसिंहाने राज्य सोडले आणि बंकापूरला अजितसेन भट्टारकांच्या सान्निध्यात उपोषणाने प्राण सोडला. राष्ट्रकूटांचा चौथा इंद्र ९८२ मध्ये श्रवणबेळगोळलाच सल्लेखनेने, म्हणजे असेच अन्नपाणी सोडून, गेला. या दोघांचेही लेख चंद्रगिरीवरच आहेत, आणि त्यांच्या विभक्तीवरून कोणी भांडत नाही.