टीकॅस आदेशपालन

दोन विमाने हवेत धोकादायकरीत्या जवळ येऊ लागली की विमानातील टक्कर-प्रतिबंधक यंत्रणा (टीकॅस) चढण्याचा किंवा उतरण्याचा आदेश देते. तो वैमानिकाने तत्काळ पाळण्याची ही कार्यपद्धती होय. आदेशाला ‘आरए’ आणि त्याआधीच्या सूचनेला ‘टीए’ म्हणतात.

यंत्रणेचा उगम कोठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ जण मृत्युमुखी पडले. सुरुवात तेथून धरण्याचा प्रघात आहे. तथापि दोन विमानांतील अंतराला ते घटण्याच्या वेगाने भागावे, म्हणजे अंतर नव्हे तर उरलेला वेळ मोजावा, ही कल्पना बेंडिक्स कंपनीतील जे. एस. मॉरेल यांनी १९५५ च्या सुमारास, बहुधा त्या अपघातापूर्वीच मांडली. अपघाताने निकड निर्माण केली. गाभा मात्र मॉरेल यांचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ताशी ८०० किमी. वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने मिनिटाला सुमारे २७ किमी. जवळ येतात, म्हणजे जवळजवळ कोल्हापूर-इचलकरंजी एवढे अंतर मिनिटभरात संपते. एकामागून एक जाणाऱ्या विमानांना तेच अंतर भरपूर होते.

टीए टकरीच्या अंदाजे २० ते ४८ सेकंद आधी, तर आरए १५ ते ३५ सेकंद आधी मिळतो. टीएचा ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ हा आवाज ऐकून वैमानिक नजरेने शोध घेतो व हात सुकाणूवर ठेवतो. केवळ टीएवर विमान वळवायचे नसते. आरएचा ‘क्लाइम, क्लाइम’ (चढा, चढा) हा आवाज ऐकू येताच तो ऑटोपायलट काढतो, ५ सेकंदांच्या आत नाक उचलू लागतो आणि चढ-उतार दर्शकाचा काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात आणून तेथेच धरतो. चढण्याचा दर साधारणतः मिनिटाला १,५०० फूट असतो. सहवैमानिक जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रकाला ‘टीकॅस आरए’ एवढेच कळवतो. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकल्यावर विमान ठरलेल्या उंचीवर परतते.

नियंत्रकाची सूचना व आरए परस्परविरोधी असतील तर आरएच पाळावा, हा नियम फार मोठी किंमत मोजून पक्का झाला. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनवर तुपोलेव्ह विमानाला यंत्रणा ‘चढा’ म्हणत होती, नियंत्रक ‘उतरा’. ते उतरले, यंत्रणेचे ऐकणारे मालवाहू बोइंगही उतरत होते. ७१ जण गेले. दोन्ही यंत्रणा आपसांत ठरवून एका विमानाला वर व दुसऱ्याला खाली पाठवतात. एकाने आदेश मोडला की दुसऱ्याचे आज्ञापालनही त्याला वाचवू शकत नाही.

भारतात १२ नोव्हेंबर १९९६ च्या हरियाणातील चरखी दादरी येथील दोन विमानांच्या टकरीनंतर (३४९ मृत्यू) ही यंत्रणा सक्तीची करण्यात आली.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर (स्थापना १९३९) येणाऱ्या एटीआर-७२ जातीच्या विमानांनाही ही सक्ती लागू आहे. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली मात्र यंत्रणा आरए देत नाही, कारण तेथे खाली जाण्याचा आदेशच घातक ठरेल. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट असल्याने येथे ही मर्यादा उंचीमापकावर ३,००० फुटांच्या आसपास येते. त्याखाली भिस्त डोळ्यांवर व रेडिओवर असते. ट्रान्सपाँडर (रेडिओ संकेताला आपोआप उत्तर देणारे उपकरण) नसलेले विमान तर यंत्रणेला कोणत्याच उंचीवर दिसत नाही.