चाळिशीनंतरचा घरगुती ताकदीचा व्यायाम

साधारण चाळिशी ते साठी या वयात, तालमीत किंवा जिममध्ये न जाता, स्वतःच्या शरीराचे आणि घरात सापडणाऱ्या वस्तूंचे वजन वापरून स्नायूंवर टप्प्याटप्प्याने वाढता भार टाकण्याचा व्यायाम. चालण्या-धावण्यात वेळ आणि दम मोजतात. इथे भार मोजतात. महिन्यापूर्वी पाच किलो उचलताना जेवढे कष्ट पडत होते तेवढ्याच कष्टात आज आठ किलो उचलले गेले, तर व्यायाम लागू पडला.

सातारा-सांगली भागात ताकदीला मान आहे, पण तो तरुणपणीच्या ताकदीला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे हिंदकेसरी. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात दोन्ही प्रकारांत मिळून २४८ किलो उचलून रौप्य मिळवले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मोठ्या गावात तालीम असतेच, पण तिशी उलटलेला माणूस तिथे दिसला तर तो बहुधा वस्ताद तरी असतो, नाहीतर पोराला सोडायला आलेला बाप. लग्न झाले, शेती-नोकरी अंगावर आली की लंगोट खुंटीला लागतो. जोर-बैठका थांबतात, खुराकाची सवय थांबत नाही, आणि दोन-तीन वर्षांत ‘पैलवान सुटला’ असे गाव म्हणू लागते.

उलटा दाखला औंधचा. आज खटाव तालुक्यात असलेल्या या गावचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी काही वर्षे यूजेन सँडो या युरोपातल्या नामांकित बलवंताच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम केला. पुढे चाळिशीच्या सुमारास, मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रभावाने, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर त्याचा प्रचार करत राहिले. नमस्काराने सांधे मोकळे राहतात, खांदे-छातीला काम मिळते. ताकदीच्या हिशेबाने मात्र त्यात दोन उणिवा राहतात: नमस्कारांची संख्या वाढवता येते, भार वाढवता येत नाही, आणि वजन अंगाकडे ओढण्याची हालचाल त्यात नाही. राजेसाहेबांनी डंबेल्स अडगळीत टाकले नसते तर बरे झाले असते, असे आज मागे वळून म्हणावेसे वाटते.

तिशीनंतर, काहीच केले नाही तर, दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान अंदाजे ३ ते ८ टक्क्यांनी घटते. साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही लवकर उतरते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त स्नायूच शोषून घेतात, म्हणून स्नायू घटले की मधुमेहाकडची वाट सोपी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मुख्य स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असे म्हटले आहे. उशीर झाला, ही सबब टिकत नाही: १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारयुक्त व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

‘दिवसभर शेतात राबतो, आणखी कसला व्यायाम?’ हा या भागातला नेहमीचा प्रश्न, आणि तो पोकळ नाही. ऊस तोडणारा, मोळी वाहणारा, हळद शिजवणारा माणूस कमजोर नसतो. पण कामाचा भार कामाच्या गरजेने ठरतो. तो वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, एकाच अंगावर पडतो, आणि कमरेतून वाकवत ठेवतो. खुरपणाऱ्या बाईचे गुडघे आणि कंबर दिवसभर दमतात; छाती-खांद्यांना त्यात वाढता भार कधीच मिळत नाही. श्रमाने झीज होते, व्यायामाने भरून निघते, असा ढोबळ फरक सांगता येईल. साताऱ्यात यवतेश्वराचा घाट चढत पळणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींचेही थोडेफार असेच: काळीज आणि पाय तयार, हात आणि पाठ मागे.

सुरुवातीला चार-पाच हालचाली पुरतात. पहिली बसून उठण्याची. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे पुष्कळ पुढे येतात. वीस वर्षांच्या खंडानंतर एकदम तशा बैठका मारल्या तर गुडघे कुरकुरतात. म्हणून आधी खुर्ची किंवा खाट घ्यावी, हात छातीशी बांधून सावकाश बसावे, टेकताच उठावे. ते सोपे झाले की बसायची जागा खाली आणावी, मग पाण्याचा कॅन छातीशी धरावा.

दुसरी हालचाल वाकून उचलण्याची, आणि सर्वांत जास्त वेळ हिलाच द्यावा. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहायचे, गुडघे किंचित सैल सोडायचे, पाठ सरळ ठेवून बूड मागे नेत भिंतीला लावायचे आणि पुन्हा उभे राहायचे. कणा वाकत नाही, खुब्यात घडी पडते. हे अंगात मुरल्यावर पावलागणिक भिंतीपासून लांब सरकावे आणि मगच हातात वजन घ्यावे. घरातला भरलेला गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो (१४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढीच टाकी), आणि तो दरवेळी कमरेतून वाकून हलवला जातो. कृष्णाकाठच्या घरांत पुराचे पाणी वाढू लागले की पेटी, धान्य, मिक्सर सगळे माळ्यावर चढवायची घाई होते आणि कंबर नेमकी तेव्हाच धरते.

तिसरी ढकलण्याची. भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग खाटेच्या कडेला, शेवटी जमिनीवर जोर; हात जितके खाली तितका भार जास्त. चौथी ओढण्याची, आणि घरात हीच हरवली आहे. विहिरीवर पोहरा शेंदणे हा पाठीचा अस्सल व्यायाम होता. नळ आले आणि तो गेला. एक हात खुर्चीवर टेकून, दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत खेचला की शेंदण्याचीच हालचाल मिळते. पाचवी, दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन ताठ चालणे. पोटासाठी वेगळे काही न केले तरी चालते.

वजनासाठी पाण्याच्या कॅनइतके सोयीचे साधन विकत मिळत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे अर्धा-अर्धा किलो वाढवता येतो. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन कोरड्या वाळूने भरला तर तो आठ किलोच्या आसपास जातो. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार पुढच्या टप्प्यासाठी.

भार वाढवत नेण्याचे तत्त्व व्यवस्थित बसवले ते अमेरिकी लष्करातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी, १९४० च्या दशकात, जखमी सैनिकांवर उपचार करताना. घरी त्याचा सोपा अवतार पुरतो. एकेक हालचाल आठ ते बारा वेळा, थोडे थांबून पुन्हा तेवढीच. ‘आणखी दोन निघाले असते’ असे वाटेल तिथे थांबायचे. दोन्ही फेऱ्यांत बारा सहज निघू लागले की वजन थोडे वाढवायचे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एखादा दिवस विश्रांती, अर्ध्या तासात सगळे आटोपते. पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद भराभर वाढते, पण आरशात काही दिसत नाही, कारण ती वाढ मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकल्यामुळे असते. जुन्या पैलवानांची अडचण इथे वेगळी असते. त्यांना आकडा आठवतो, ‘पाचशे बैठका मारायचो’, आणि ते पहिल्याच दिवशी शंभर मारतात. मग तीन दिवस जिना उतरता येत नाही आणि चौथ्या दिवशी बेत बारगळतो.

स्त्रियांना हा व्यायाम अधिक गरजेचा आहे. पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत हाडांची घनता वेगाने कमी होते, आणि भार पेलल्याने हाडे तग धरतात. हात ‘बाप्यासारखे’ होतील ही भीती निराधार. त्यासाठी लागणारे संप्रेरक शरीरात फार थोडे असते. खरी अडचण जागेची आणि एकांताची: स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरचे जोर उरकणे हा अनेकींचा मार्ग.

आहारात पैलवानी खुराक नको. किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, पेलाभर दुधात आठ. माण-खटावच्या कोरडवाहू रानातला हुलगा शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिने देतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजत राहिल्यास तो कोंडत नाही. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, हर्निया असेल किंवा मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू आंबणे नेहमीचे. सांध्यात कळ येणे किंवा छातीत दडपण वाटणे नेहमीचे नाही, तिथे थांबायचे.

खंड पडतोच: सुगी, गावची यात्रा, लग्नसराई, घरातले आजारपण. दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी उतरत नाही, आणि धावपळीच्या दिवसांत आठवड्यातून एक वेळ केले तरी कमावलेले बरेचसे टिकते. महिन्याहून मोठा खंड झाला तर कॅनमधले पाणी निम्मे करून सुरू करावे; दुसऱ्यांदा तेवढ्याच वजनापर्यंत पोचायला पहिल्यापेक्षा कमी दिवस लागतात.