'ब्लॅक ऑक्सन'च्या आधीचं व्हिएन्ना

'ब्लॅक ऑक्सन' या १९२३च्या अमेरिकी मूकपटाला आज विज्ञानकथापट म्हणतात. त्या वेळच्या प्रेक्षकाला मात्र तो जवळजवळ ताज्या बातमीसारखा वाटला असणार. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात तिशीची दिसणारी एक देखणी बाई उठून उभी राहते, प्रेक्षकांवरून दुर्बीण फिरवते आणि एक वयस्कर गृहस्थ चपापतात. हा तर मेरी ऑग्डेनचा चेहरा! तिची मुलगी असेल, असं समजावं तर ती स्वतः मेरीच निघते. वय साठीच्या घरात, तारुण्य व्हिएन्नाच्या उपचारांचं.

ग्रंथींतून तारुण्य परत आणायच्या या कल्पनेचं मूळ १८८९मध्ये सापडतं. बाहत्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार या शरीरशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात पुन्हा जोम आल्याचं पॅरिसच्या शास्त्रज्ञांसमोर जाहीर केलं. तो बहुधा मनाचाच खेळ होता, कारण अशा पाणीदार अर्कात संप्रेरक (हार्मोन) जेमतेमच उतरतं. पण ग्रंथींत तारुण्य दडलंय, ही समजूत रुजली ती रुजलीच.

व्हिएन्नात ऑयगेन श्टायनाख या शरीरशास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढची पायरी गाठली. शुक्रवाहिनी बांधली की बीज तयार करणाऱ्या पेशी मागे पडतात, संप्रेरक स्रवणाऱ्या वाढतात, असा त्यांचा हिशेब. आजच्या नसबंदीचंच हे भावंड म्हणायचं! १९२३मध्ये खुद्द मनोविश्लेषक फ्रॉइडनी ही शस्त्रक्रिया करवून घेतली, जबड्याचा कर्करोग उलटू नये या आशेनं.

बायकांसाठी त्याच तर्काने अंडाशयावर क्ष-किरण सोडत. कादंबरीकार गर्ट्रूड ॲथर्टन यांनी पासष्टीच्या आसपास न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर हॅरी बेंजामिन यांच्याकडून हेच उपचार घेतले. लेखणी अडून बसली होती, ती मोकळी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यातून आलेली 'ब्लॅक ऑक्सन' कादंबरी १९२३मध्ये अमेरिकेत तडाखेबंद खपली आणि फ्रँक लॉइडनी लगोलग तिचा चित्रपट केला.

कादंबरीचा शेवट मला उपचारांपेक्षा रंजक वाटतो. मेरी तरुण प्रियकराला सोडून ऑस्ट्रियाच्या राजकारणात परतते. कातडी तिशीची झाली तरी साठ वर्षांचा अनुभव काही पुसला जात नाही, हे ॲथर्टननी बरोबर हेरलं होतं.

१९३५मध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक शुद्ध रूपात हाती आलं आणि शुक्रवाहिन्या बांधण्याचा हा खटाटोप मागे पडला. श्टायनाख यांचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पण मिळालं कधीच नाही.