हळद-लसणाच्या पाण्याने मानमोडी टळत नाही
"हळद-लसणाचं पाणी पाजलं की कोंबड्यांना लस नको," असं कोकणात सर्रास ऐकू येतं. हे खरं नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूमुळे होते आणि तिच्याविरुद्धची नेमकी प्रतिकारशक्ती लसच तयार करते. पिल्लाच्या 7व्या दिवशी लासोटा या लसीचा 1 थेंब डोळ्यात, 8व्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस अर्धा मिली, पंखाजवळ कातडीखाली. लस बर्फातूनच आणा, द्रावणात कालवल्यावर 2 तासांत संपवा.

हळद तर पाण्यात विरघळतच नाही. भांड्याच्या तळाशी पिवळा गाळ बसतो तो तिचाच. द्यायचीच तर किलोभर खाद्यात 5 ग्रॅम, तीही पूरक म्हणूनच. त्यापेक्षा पावसाळ्यात खाद्याची गोण फळीवर ठेवा. ओल्या खाद्यावर बुरशी धरते, तिच्या विषाने पक्षी आतून खचतो आणि मग दिलेली लसही नीट लागू पडत नाही.