महाविद्यालयीन मेस आणि विद्यार्थ्यांचे मधले खाणे (गोवा)

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आगाऊ पैसे घेऊन ठरलेल्या वेळी जेवण देणारी व्यवस्था म्हणजे मेस. कँटीनमध्ये जेवढे खाल तेवढेच पैसे मोजायचे असतात. गोव्यात या दोहोंचे महत्त्व सारखे नाही. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. असल्याने पेडण्याची मुलगी म्हापशाला, सत्तरीतला मुलगा साखळीला बसने जातो आणि दिवस मावळायच्या आत घरी परततो. त्यामुळे पदवी महाविद्यालयांत बहुतेकांचा संबंध कँटीनशीच येतो. मेसवर जगणारे विद्यार्थी मुख्यतः बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ, फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, झुआरीनगरचे बिट्स, कुंकळ्ळीची एनआयटी अशा ठिकाणी आढळतात.

मेसचे पैसे दोन प्रकारे आकारले जातात. एकात बाहेरच्या कंत्राटदाराशी माणशी रोजचा दर ठरतो आणि सत्राच्या आरंभीच ती रक्कम भरून घेतली जाते. दुसरी वाटणीची पद्धत. किराणा, भाजी, गॅस, आचाऱ्यांचा पगार असा महिन्याचा सगळा खर्च मांडायचा आणि सर्वांच्या मिळून जेवणाच्या दिवसांनी भागायचा. समजा, शंभर मुलांचे मिळून २,६०० दिवस भरले आणि खर्च ३,१२,००० रुपये आला, तर दिवसाला १२० रुपये पडले. वाटणीच्या मेसमध्ये विद्यार्थ्यांची समिती बाजारहाट आणि हिशेब पाहते, त्यामुळे वाया गेलेला भात कोणाच्या खिशातून जातो हे सर्वांना ठाऊक असते. करातही फरक पडतो. जानेवारी २०१८च्या केंद्रीय परिपत्रकानुसार संस्थेने स्वतः विद्यार्थ्यांना दिलेले जेवण जीएसटीमुक्त आहे, तर बाहेरच्या पुरवठादाराच्या सेवेवर ५ टक्के कर लागतो. अमेरिकी विद्यापीठांत याच कामासाठी कार्ड असते. आठवड्याला ठरावीक जेवणे आणि वर थोडी रक्कम कँटीन-दुकानांत खर्चायला, अशी तिथली रचना. न खाल्लेली जेवणे बहुधा बुडतात.

आपल्याकडे बुडणाऱ्या जेवणांवर सवलत मिळते, तिला सर्रास रिबेट म्हणतात. पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि सहसा सलग काही दिवस गैरहजर असावे लागते. गोव्यातल्या आणि शेजारच्या सिंधुदुर्गातल्या मुलांवर इथे अन्याय होतो. घर दोन तासांवर असल्याने ती शुक्रवारी संध्याकाळी जातात, सोमवारी सकाळी येतात, आणि त्या दोन दिवसांचे पैसे मेसकडेच राहतात. दिल्ली-हैदराबादहून आलेला विद्यार्थी दिवाळीला पंधरा दिवस जातो, त्याला मात्र रिबेट मिळतो. नियम सर्वांना एकच असला तरी भुर्दंड जवळच्यांना बसतो.

ताटात काय असते? देशभरातून आलेल्या मुलांना चालेल असा मधला मार्ग: चपाती, डाळ, भात, एक सुकी भाजी, आठवड्यातून दोनदा चिकन किंवा पनीर, सकाळी इडली नाहीतर पोहे. मासळीचा भाव रोज बदलतो, तुकडे मोजून वाढावे लागतात, म्हणून तळलेला बांगडा बहुधा ‘एक्स्ट्रा’च्या यादीत, वेगळे पैसे घेऊन. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, लगोलग श्रावण येतो. त्या दिवसांत घरोघरी अळंबीचे, म्हणजे पावसाळी रानमशरूमचे नाव निघते, पण तिचा भाव मेसला झेपत नाही. हुमणावर, म्हणजे नारळ घातलेल्या मासळीच्या कालवणावर वाढलेल्या मुलाला ही डाळ जड जाते आणि तो बाहेरचे शोधू लागतो.

मधल्या खाण्याचे मूळ जिभेच्या चोचल्यांपेक्षा वेळापत्रकात अधिक आहे. रात्रीचे जेवण साडेसात ते साडेनऊ, अभ्यास दीड-दोनपर्यंत. पाच तास पोटात काही नाही. मग नाइट कँटीन, बिस्किटे, वेफर्स, आणि खोलीतली विजेची केटल. तिच्यात मॅगी शिजते, अंडी उकडली जातात, वॉर्डन येण्याची चाहूल लागताच ती पलंगाखाली जाते. सकाळी उशिरा उठल्याने आधीच पैसे भरलेला नाश्ता हुकतो आणि अकराला कँटीनमध्ये पुन्हा पैसे जातात. एकाच नाश्त्याची किंमत दोनदा मोजली जाते.

बसने येणाऱ्यांची गत निराळी. घरून नुसता चहा घेऊन निघालेल्यांचा खरा नाश्ता म्हणजे पहिल्या सुट्टीतला भाजी-पाव. स्टीलच्या बशीत नारळाच्या वाटपाची, पांढऱ्या वाटाण्यांची पातळ भाजी, मागितली तर तिच्यात बटाट्याची सुकी भाजी मिसळून, सोबत पाव, उंडा (कडक सालीचा गोल पाव) किंवा पुरी. बाजूला मिरचीचे भजे. कोणी केळे घालून केलेला, जिऱ्याच्या चवीचा फुगीर बन घेतो. दुपारी घरच्या डब्यातली भाकरी आणि कँटीनची उसळ अशीही जोडी जमते. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट: ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या नारळ-मसाल्याच्या कोंबडीच्या कालवणाचा गरम रस, चिरलेला कांदा, लिंबू आणि रस निपटायला पाव. ख्रिस्ती मुलांच्या घरून ‘चोरीस’ (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) येतो, तोही पावात भरून वाटून खाल्ला जातो.

हे खाणे निव्वळ चटकमटक नव्हे. वाटाण्यात प्रथिने आणि तंतू आहेत, अंडे आहे, आणि मैद्याच्या पावाऐवजी कोंडा असलेली पोई घेतली तर ते जेवणाच्या जवळ जाते. खरी घसरण बाटलीपाशी आणि पाकिटापाशी होते. ३०० मिलि. कोलामध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची अशी साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिलेली उत्तम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये महाविद्यालयांतून जंक फूड हटवण्याची सूचना केली. शाळांच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकू नयेत, हा २०२० चा नियम मात्र महाविद्यालयांना लागू नाही.

सूचना येऊनही पाकिटे टिकतात, त्याचे कारण कँटीनच्या कंत्राटात सापडते. चहा आणि भाजी-पाव यांचे दर अनेकदा करारात बांधून दिलेले असतात. नारळ आणि तेल महागले तरी ते हलत नाहीत. भाजीला पहाटे उठून नारळ-मसाला वाटणारा माणूस लागतो, उरली तर टाकावी लागते. वेफर्सच्या पाकिटावर किंमत छापलेली, नफा ठरलेला, नासण्याची भीती नाही. कँटीनचालक साहजिकच काउंटर पाकिटांनी भरतो आणि वाटाण्याचे पातेले दहालाच रिकामे होऊ देतो. भाजी-पावाचा दर दर सत्राला नव्याने ठरवणे, रात्री अकरापर्यंत पोई, उकडलेले अंडे आणि केळी मिळतील अशी अट करारात घालणे, शनिवार-रविवारचा रिबेट देणे, हे बदल संस्थेच्या हातात आहेत. मेससाठी निदान विद्यार्थ्यांची समिती असते. कँटीनच्या करारावर मात्र तिथे रोज खाणाऱ्या, बसने येणाऱ्या मुलांचे मत सहसा विचारले जात नाही.